पंजा सात वितींचा

घरात करवत बायकोच्या हातात आणि फोन नवऱ्याच्या हातात असला, की नवऱ्याचा आवाज आपोआप मऊ होतो. भाऊजींचा झाला होता. पुढच्या खोलीत, 'झाडतोड व छाटणी' या पाटीच्या बरोबर मागे, ते फोन घेऊन बसत. "ताई आहेत का?" असं कुणी विचारलं की "वर आहेत" म्हणून सांगत. वर म्हणजे माडीवर नव्हे, झाडावर, हे नव्या गिऱ्हाइकाला पटवण्यात त्यांची सकाळ जाई. "मग आपण कोण?" या पुढच्या प्रश्नात दुपार.

या दुसऱ्या प्रश्नाला भाऊजींपाशी समाधानकारक उत्तर नव्हतं. कचेरीत होते तोवर ते साहेब होते. निवृत्त झाले आणि बायकोच्या धंद्यात मदतीला बसले. तिथली माणसं तिला ताई म्हणत, म्हणून हे भाऊजी. आधी झाडावर चढणाऱ्यांचे भाऊजी, मग ट्रकवाल्याचे, मग गिऱ्हाइकांचेही. समोरचा चहावाला त्यांच्याहून वयाने मोठा, तोसुद्धा भाऊजीच म्हणे. मेहुणे इतके वाढले की माणसाला स्वतःचं असं काही उरत नाही.

धंद्याला भाऊजी 'पेढी' म्हणत. बाकी सगळे नुसतं 'काम' म्हणत. या पेढीत मोजमापाची एक जुनी रीत होती, आणि पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला, म्हणून ती आधी सांगितलेली बरी. फांदी असायची मनगटाएवढी नाहीतर मांडीएवढी. बुंधा मोजायचा मिठीने. आणि जमिनीवरचं जे काही असेल, खड्डा, फाटक, दोन भिंतींमधली जागा, ते वितीने, म्हणजे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेल्या हाताने. भाऊजी नवे होते तेव्हा ताईंनी त्यांच्या देखत एका गृहस्थांना फोनवर विचारलं होतं, "तुमचं किती मिठ्यांचं आहे? दीड? मग मी एकटी नाही यायची, सोबत माणूस आणते." भाऊजींनी त्या दिवशी जेवताना विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र बाजारात जाऊन सगळ्यांसाठी मोजपट्ट्या घेऊन आले. एक करवतीखाली गेली. एकीला चीक लागला, ती पुन्हा उघडलीच नाही. एकीने खारने फांद्यांचा भारा बांधला, आणि भारा झकास बसला असं सर्वांचं मत पडलं.

खार म्हणजे ताईंचा पहिल्या नंबरचा चढणारा. नाव पडलं तेव्हा तो सडपातळ होता. आता फांदीही त्याच्याकडे बघून जरा विचार करते, पण टोपणनाव काही माणसाबरोबर जाड होत नाही.

तर या खारची पाठ धरली. निमित्त झालं छोट्या लोडरचं. पेढीने हा लोडर हौसेने घेतला होता: पट्ट्यांवर चालणारं बुटकं यंत्र, चालवणाऱ्याने मागच्या फळीवर उभं राहायचं, पुढे मातीची बादली. बादली मातीला उत्तम. ओंडक्यांना ती बादली मुळीच मानवत नसे. ओंडका चढवला की तो एका बाजूने हळूच उतरे, जणू चुकीच्या गाडीत बसल्याचं आत्ताच लक्षात आलं. मग माणसांनी तो पुन्हा चढवायचा. अशा एका चढवाचढवीत खार वाकला तो वाकलेलाच राहिला, आणि चार दिवस जमिनीशी बोलत हिंडला.

"पंजा घेऊ या," ताई जेवताना म्हणाल्या. "लोडरला पुढे लावायचा. ओंडका धरेल, उचलेल, ठेवेल. पोरांच्या पाठी तरी वाचतील." मग आमटी वाढताना, सहज सांगावं तसं, "तुम्ही बघा तेवढं."

भाऊजींचा घास हातातच राहिला. आजवर पेढीत त्यांच्यावर सोपवलेला सर्वांत मोठा निर्णय म्हणजे फोनखाली कुठला रुमाल घालायचा हा होता, आणि तोही नंतर ताईंनी बदलला होता.

"मी?"

"तुम्हीच. नीट बसला तर यापुढची सगळी खरेदी तुमची. मी विचारायलासुद्धा येणार नाही."

"आणि नाही बसला तर?"

"फोन आहेच की," ताई म्हणाल्या.

एखादी वस्तू घ्यायची ठरली की ती कुठे मिळते हे माहीत नसलेली माणसं ती कशी असावी हे सांगायला आधी येतात. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर पहिले आले. भाऊजींच्या हातातली पंज्यांची चित्रं त्यांनी उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले आणि विचारलं, हा खाणार काय? फांद्या, भाऊजी म्हणाले. बारीक का जाड? दोन्ही. मग डॉक्टरांनी निदान केलं. समोरासमोर आपटणाऱ्या दातांत बारीक फांदी टिकत नाही, निसटते, आणि पेशंट मग एकाच बाजूने चावत बसतो. वरचे दात खालच्या दातांच्या मधून जाणारे घ्या, गुंफलेल्या बोटांसारखे, म्हणजे मनगटाएवढं लाकूडही सुटायचं नाही. हा सल्ला खरं तर अगदी बरोबर होता. पण डॉक्टर तिथे थांबले नाहीत. गोड लाकूड कमी द्या आणि दर सहा महिन्यांनी दाखवून जा, असंही म्हणाले.

खालच्या मजल्यावरच्या पैलवानांना दात हा मुद्दाच मान्य नव्हता. सगळा खेळ पकडीचा. पकड रुंद हवी. हे नुसतं बोलून कळायचं नाही म्हणून त्यांनी जिन्यातच भाऊजींना धरून दाखवलं. डॉक्टर वरच्या पायरीवरून हरकत घेत राहिले, पैलवान खालून उत्तरं देत राहिले, आणि भाऊजी मधल्या मधे काखेत. दोन्ही पक्ष पटल्याचं त्यांनी पुन्हापुन्हा सांगितलं, तरी सुटका झाली ती पैलवानांचं दूध उतू गेलं तेव्हा. एवढ्यावर भागलं नाही. ताईंच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे भाऊजींना भाऊजी म्हणण्याचा जगात जिला खरोखर हक्क आहे अशा एकमेव व्यक्तीचा फोन आला. तिने एकच विचारलं: रंग कुठला? भाऊजींना त्या रात्री नीट झोप लागली नाही. रंगाचा विचारच कुणी केला नव्हता.

यंत्रांच्या दुकानात जाड भिंगांच्या चष्म्याचा विक्रेता होता. त्याने अदबीने बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "साहेब, तेल किती जातं?"

साहेब म्हटल्यावर भाऊजी अंमळ सैलावले. "आमच्याकडे कमीच," ते म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितल्यापासून तळण बंदच आहे."

विक्रेत्याने चष्मा काढून पुसला. तो लोडरच्या तेलाबद्दल विचारत होता. पंजा उघडतो-मिटतो तो तेलाच्या दाबावर. लोडरकडून पुरेसं तेल आलं नाही तर पंजा आळस दिल्यासारखा हळूहळू उघडतो. भाऊजींनी लोडरचं नाव आणि मॉडेल सांगितलं, आणि पुढचा अर्धा तास मान हलवण्याचं काम इतकं मनापासून केलं की विक्रेता त्यांना जाणकार समजू लागला.

मागच्या आवारात तीन पंजे मांडले होते. पहिला अवाढव्य, कंगव्यासारख्या लांब दातांचा, मुळांसकट झुडूप उपटून माती गाळून टाकणारा. भाऊजींना तो बघताक्षणी आवडला, कारण तो कुणालाही दाखवण्यासारखा होता. पेढीच्या लोडरसारखाच एक लोडर तिथे होता. विक्रेत्याने पंजा जोडून दिला, भाऊजी मागच्या फळीवर चढले, दांडा ओढला, पंज्याने ओंडका झकास उचलला. ओंडका वर गेला. मग भाऊजींच्या लक्षात आलं की तेही थोडे वर गेलेत. लोडरची मागची बाजू जमीन सोडून हवेत आली होती.

"साहेब, उतरू नका," विक्रेता हळू आवाजात म्हणाला. "आत्ता ही मशीन तुमच्यामुळेच उभी आहे."

निवृत्तीनंतर इतकं चांगलं कुणी भाऊजींबद्दल बोललं नव्हतं. ते हलले नाहीत. श्वाससुद्धा त्यांनी मोजून घेतला. विक्रेत्याने कडेने येऊन दांडा खाली केला आणि सगळे टेकले. धडा असा की पंज्याचंच वजन इतकं, की ते पेलण्यातच लोडरचा दम संपत होता. काही पाहुणे येतात दोन दिवसांसाठी, आणि सामान असं आणतात की घरच्यांना बसायला जागा उरत नाही, त्यातला प्रकार.

दुसरा पंजा मनगटातून गोल फिरणारा होता. आडवा ओंडका धरायचा आणि हवेतल्या हवेत उभा करायचा. तो फिरताना भाऊजी बराच वेळ पाहत राहिले. पण त्याला जास्तीचे पाइप, जास्तीचं तेल, जास्तीची दुरुस्ती. भाऊजींनी मन आवरलं. निघताना एकदाच वळून पाहिलं एवढंच.

तिसरा मात्र सगळ्या पक्षांना चालेलसा निघाला: हलका, गुंफल्या बोटांच्या दातांचा, आणि तीन रुंदींमध्ये मिळणारा. पैलवानांचं स्मरण करून भाऊजींनी सर्वांत रुंद बघितला. पण नुसतं रुंद घेऊन चालणार नव्हतं. पुढचं काम गायनबाईंच्या घरी होतं. त्यांच्या मागच्या अंगणातलं दोन मिठ्यांचं झाड घरावर कललं होतं, आणि अंगणात जायला घर आणि कुंपणाची भिंत यांच्या मधली एकच बोळवजा वाट. भाऊजींनी ताईंना फोन लावला. ताई नेमक्या त्याच वाटेत उभ्या होत्या. पलीकडे कुठेतरी करवत चालू होती, आतून बायका एका सुरात आळवत होत्या.

"वाट किती रुंद?" भाऊजी ओरडले.

"सात विती," ताई ओरडल्या.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. भाऊजींचा हात मोठा होता. मोठा म्हणजे, बाळाला घ्यायला पुढे केला की बाळाची आई एक पाऊल मागे सरकायची. एवढा हात घेऊन त्यांनी जन्मभर फक्त कागदावर शिक्के मारले होते, पण हाताला काही ते ठाऊक नव्हतं; तो आपल्या आकाराने वाढत राहिला. तो हात भाऊजींनी पंज्यावर ठेवला आणि मोजलं. अंगठा, करंगळी, अंगठा, करंगळी. सातला दोन बोटं कमी. दोन्ही बाजूंना एकेक बोट मोकळं राहणार. अंगठी घ्यावी तसा अंदाज जमला. पहिल्यांदाच पेढीच्या मापाने त्यांनी काही मोजलं होतं, आणि आपणही आता त्यांच्यातले झालो असं त्यांना वाटून गेलं.

रंग, विक्रेत्याने सांगितलं, एकच असतो. पिवळा. ही बातमी मेहुणीला सौम्य शब्दांत कळवण्यात आली.

पंजा ट्रकवर घालून रस्त्याने न्यायला परवानगी लागते, असं ट्रकवाला म्हणाला. भाऊजी त्या कचेरीत गेले. कचेरी आपल्याला परकी नाही, या विश्वासाने ते ताठ मानेने रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, काय न्यायचंय? झाडतोडीचं हत्यार, भाऊजी म्हणाले.

"हत्यार?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "हत्यारांची खिडकी इथे नाही. शेजारच्या इमारतीत, पोलिसांकडे."

भाऊजींनी समजावलं की हत्यार म्हणजे अवजार, सुताराचं असतं तसं. बाई म्हणाल्या, मग अवजार म्हणायचं, हत्यार कशाला म्हणता. बरं, अवजार. अवजार असेल तर परवानगी लागत नाही. पण याला दात आहेत ना? भाऊजींनी कबूल केलं की दात आहेत. बाईंनी शेजारच्या खिडकीतल्या सहकाऱ्याला विचारलं. त्याचं म्हणणं पडलं की दात असलेलं आणि स्वतःहून हलणारं ते वाहन. भाऊजी म्हणाले, ते स्वतःहून हलत नाही. सहकारी म्हणाला, मग ते बंद पडलेलं वाहन, त्याची खिडकी वेगळी. शेवटी भाऊजींनी आपल्या जुन्या नोकरीतली विद्या वापरली. ते नुसते उभे राहिले. काही बोलले नाहीत, हलले नाहीत, हसले नाहीत. खिडकीपाशी शांत उभा राहिलेला माणूस फार वेळ कुणालाच बघवत नाही. बाईंनी शिक्का मारला. 'किरकोळ सामान', असं त्यांनी पंज्याचं वर्णन केलं होतं, आणि भाऊजींना ते लागलं.

कामाच्या दिवशी सकाळीच सगळे गायनबाईंच्या दारात जमले. पंजा ऊन पडून चमकत होता. खारने त्याला एकदा हात लावून पाहिला आणि "दात छान आहेत" म्हणाला. हे ऐकायला डॉक्टर हवे होते. भाऊजी लोडरच्या मागे अशा बेताने उभे होते की अभिनंदन करणाऱ्याला फार शोधावं लागू नये. आत गायनबाईंचा वर्ग सुरू होता. लोडर सुरू झाला तेव्हा बाई खिडकीत आल्या, कान देऊन ऐकलं, आणि यंत्र किंचित उतरलंय, चढवता येईल का, असं विचारून गेल्या.

ताईंनी लोडर वाटेच्या तोंडाशी आणला. आणि थांबवला.

पंजा या भिंतीला टेकत होता आणि त्या भिंतीलाही. टेकत होता म्हणजे, वाट संपून पंजा पुढे वीतभर उरला होता. ताईंनी लोडर मागे घेऊन पुन्हा आणला, जणू वाटेने मधल्या वेळात मन बदललं असेल. वाटेने बदललं नव्हतं.

"सात सांगितल्या होत्या ना मी?" ताई म्हणाल्या.

"सातच आहे. उलट दोन बोटं कमी."

"सात कशा असतील?"

"मी स्वतः मोजलंय. या हाताने."

ताई फळीवरून उतरल्या. त्यांनी भाऊजींच्या हाताकडे पाहिलं, मग पंज्याकडे, मग पुन्हा हाताकडे. उजव्या हातातला चामडी हातमोजा दातांनी ओढून काढला. "इकडे करा," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी हात पुढे केला. ताईंनी त्यावर आपला तळवा टेकवला. ताईंची बोटं जिथे संपली तिथून भाऊजींचं एकेक पेर सबंध वर उरलं. घट्टे पडलेला, राठ, छोटा हात. आणि खाली तो मऊ, भला थोरला. इतक्या लख्ख उजेडात, इतक्या माणसांच्या देखत त्यांनी एकमेकांचे हात कधी धरले नव्हते. अर्थात हे काही धरणं नव्हतं, मोजणं होतं. तरी खार झाडाचा शेंडा न्याहाळू लागला, ट्रकवाल्याला चाकात काहीतरी दिसलं, आणि आतलं गाणं थांबलं.

"थांबलात का?" गायनबाई आतून म्हणाल्या. "सूर सोडू नका. मीही बघतेच आहे."

ताईंनी हात काढला. चेहरा गंभीर होता, पण ओठाचा एक कोपरा ऐकत नव्हता. भाऊजींना तो दिसला नाही. त्यांना फक्त सारी पुढची वर्षं दिसत होती, आणि त्या प्रत्येक वर्षात एक फोन वाजत होता. ते वळले आणि चालू लागले.

"कुठे निघालात?"

"फोनपाशी."

"तो तुमच्या खिशात आहे," ताई म्हणाल्या. "थांबा. आता हा आत कसा न्यायचा ते बोला."

मग ज्याला जे सुचलं ते तो बोलला. फाटक काढावं, फाटक काढलं तर चार बोटं मिळत होती. भिंत पाडावी, तर गायनबाई म्हणाल्या, कोणती, कारण एका भिंतीवर माझं छप्पर आहे. नुसता लोडर आत जात होता, अडत होता तो पंजा, आणि पंजा चार माणसांना उचलवेना. खारने तर वाकून बघायलाही नकार दिला. शेवटी भाऊजींचा दुखावलेला स्वाभिमान बोलला. "आता झाडालाच सांगा," ते म्हणाले, "उचलून घे म्हणावं."

कुणी हसलं नाही. ताई मान वर करून झाडाकडे बघत होत्या. कुंपणाच्या भिंतीकडे पसरलेल्या एका मांडीहून जाड फांदीकडे.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. खार, पाठ वगैरे विसरून, वर गेला. फांदीला कप्पी बसली, दोर आला, दोराचं एक टोक पंज्याला आणि दुसरं अंगणात गेलेल्या लोडरला. लोडर मागे मागे सरकला आणि पिवळा पंजा रस्त्यावरून उठला, भिंतीवरून तरंगत गेला आणि मागच्या अंगणात अल्लद टेकला. स्वतःला तोडायला आलेलं यंत्र झाडाने स्वतः आत घेतलं. इतकं सभ्य झाड पेढीने पाहिलं नव्हतं.

जोडताना तेलाचे दोन पाइप उलटे लागले. त्यामुळे उघडायचा दांडा मिटू लागला आणि मिटायचा उघडू लागला. पंज्याने सुरुवातीलाच गायनबाईंची वेताची खुर्ची उचलली, आणि "सोडा, सोडा" असं सगळे ओरडले तसतशी ती घट्ट धरली. पाइप बदलायला पंजा खाली ठेवायला हवा आणि खाली ठेवायला खुर्ची सोडायला हवी. मग ठरलं की उलटंच बोलायचं. "धरा," खार म्हणाला. खुर्ची सुटली. हे इतकं सोयीचं वाटलं की पाइप बदलायचं राहूनच गेलं, आणि दिवसभर रस्त्यावरून जाणाऱ्यांना "घट्ट धरा, घट्ट धरा" असं ऐकू आल्यावर ओंडका धप्पकन पडलेला दिसे.

पण पडे तो बरोबर ट्रकमध्ये. कारण वाटेने बाहेर येण्याचा प्रश्नच उरला नव्हता. ट्रक भिंतीला लागून उभा केला. ताई आणि खार वरून कापून तुकडे खाली सोडत. पंजा ते उचले, हात उंच करी आणि भिंतीवरून पलीकडे देई, शेजारणीला वाटी द्यावी तसं. पंजा रुंद, म्हणून एकेका खेपेला फांद्यांचा मोठा भारा येई. मापाचा पंजा असता तर दिवसभर त्या वाटेने ये-जा करावी लागली असती, गायनबाईंच्या कुंड्या गेल्या असत्या आणि एखादी खिडकीही. कुणीही एकदासुद्धा वाकलं नाही. दुपारनंतर वर्गातल्या बायकांनी लोडरच्या घरघरीचा सूर धरला आणि त्याच्यावरच गायला लागल्या. गायनबाई म्हणाल्या, यंत्र आता जागेवर आलंय.

ऊन उतरताना झाड संपलं. शेवटचा ओंडका भिंतीपलीकडे गेला. ताईंनी लोडर बंद केला. सगळे अंगणात कमरेवर हात ठेवून, झालेल्या कामाकडे बघायचं असतं तसं बघत उभे राहिले. वर स्वच्छ, रिकामं आकाश.

"झाड फारच सुरेख काढलंत," गायनबाई म्हणाल्या. "आणि हा पंजा आता इथेच असतो का?"

सगळ्यांनी आधी पंज्याकडे पाहिलं, मग वर, जिथे सकाळी ती मांडीहून जाड फांदी होती तिथे. आपण बसलो आहोत तीच फांदी तोडणाऱ्या माणसाची गोष्ट सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. पण ती गोष्ट अख्ख्या पेढीने मिळून, पावती देऊन करून दाखवल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

खार खाली बसला. ट्रकवाला भिंतीवरून डोकावून विचारू लागला, काय झालं. तेव्हा भाऊजी लोडरच्या फळीवर चढले. दिवसभर ओंडके गेले तसाच त्यांनी पंजा उंच केला, भिंतीवरून पलीकडे नेला आणि ट्रकमधल्या फांद्यांच्या गादीवर टेकवला. खार भिंतीवर चढला, त्याने पंज्याच्या दोन खिट्ट्या ओढल्या, पाइप सोडवले, आणि लोडरचा हात रिकामा होऊन परत आला. नुसता लोडर मग वाटेने डुलत डुलत बाहेर.

"अगबाई," गायनबाई म्हणाल्या, "मग सकाळी बाहेरून असाच का नाही आत ठेवलात?"

या प्रश्नाचं उत्तर पेढीत अजून कुणी दिलेलं नाही. विचारायचं नाही असा अलिखित नियम आहे.

ट्रकच्या मागच्या फळीवर सगळे चहा पीत बसले. भाऊजी शेवटच्या टोकाला. सकाळपासून मनात असलेलं त्यांनी बोलून टाकलं: बसला नाही तो नाहीच बसला, ठरलं होतं ते ठरलं होतं, उद्यापासून आपण फोनपाशी.

ताईंनी चहा संपवला. "घोळ पंज्याचा नाही झाला," त्या म्हणाल्या. "घोळ हातांचा झाला. माझी वीत वेगळी, तुमची वेगळी, खारची तर विचारूच नका. एका पेढीत एकच वीत पाहिजे." ताई पहिल्यांदाच पेढी म्हणाल्या होत्या. "तुमची घेऊ. माझ्या हातात करवत असते. तुमचा हात मोकळा असतो. यापुढे प्रत्येक कामाला मोजायला तुम्ही."

भाऊजींनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो काही बोलला नाही, पण जरा उघडला.

"त्यापेक्षा सोपं सांगू का," खार म्हणाला. त्याला खरंच मदत करायची होती. "भाऊजींच्या वितीएवढी एक काठी कापून ट्रकात ठेवू. म्हणजे त्यांना उन्हातान्हात यायला नको."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दिवसभरातली ही पहिली शहाणपणाची सूचना होती.

भाऊजींनी कप खाली ठेवला. "लाकूड आक्रसतं," ते म्हणाले.

खारने ताईंकडे पाहिलं. लाकडाच्या बाबतीत शेवटचा शब्द ताईंचा. जन्मात इतकं लाकूड हाताळलेल्या बाईला वीतभर काठी आक्रसून आक्रसून किती आक्रसणार हे सांगायला लागत नाही; करवतीच्या दाताएवढंही नाही. ताईंनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी समोरच्या भिंतीकडे पाहत होते, अगदी निर्विकार.

"आक्रसतं," ताई म्हणाल्या. "भयंकर आक्रसतं." आणि हातमोजा चढवत ट्रकवाल्याला म्हणाल्या, चला.